शेवट सांगायचा नाही

१ ऑक्टोबर

आले एकदाची. दोन बस बदलल्या, पाठीचा भुगा झाला, पण आले. आणि खरं सांगायचं तर खुशीत आहे. हॅलम गाव एवढंसं आहे. एक रस्ता, एक चर्च, एक पेट्रोल पंप, ऑर्लो नावाच्या माणसाचं हॉटेल आणि त्याच्यासमोर ही लायब्ररी. लायब्ररीची साफसफाई माझ्याकडे, वरच्या दोन खोल्या राहायला. हीटर चालतो, नळाला गरम पाणी येतं, स्वयंपाकाच्या खिडकीतून लाल झालेली मेपलची झाडं दिसतात. छप्पन वर्षांत एवढी चांगली खिडकी माझ्या वाट्याला आली नव्हती.

लायब्ररी थेअरबाईंच्या ताब्यात आहे. सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ. त्यांनी मला ही वही दिली. सफाईवालीने रोज लिहायचं, काय पुसलं, काय घडलं, आणि सकाळी वही काउंटरवर ठेवायची, अशी इथली पद्धत म्हणे. मी म्हटलं, बाई, मी आठवीत शाळा सोडली. तर म्हणाल्या, उत्तम, म्हणजे आर्डिस, तुम्ही उगाच नटवून लिहिणार नाही. नोकरीचा करार चांगला पाच पानी होता. सही ठोकली. वाचत बसायला वेळ कोणाला आहे?

मुख्य गोष्ट म्हणजे एकतीस तारखेला कॉरी येतेय. माझी मुलगी. चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, तिच्या त्या माणसापायी. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. त्याला सोडलंय, आई, तुझ्याकडे येऊ का, म्हणाली. तेव्हा मलाच डोकं टेकायला जागा नव्हती. आता आहे. अट एवढीच की हॅलोविनपर्यंत, म्हणजे त्याच एकतीसपर्यंत, काम टिकवायचं, मग खोल्या कायमच्या. एक महिना दात-ओठ आवळून काढायचा. त्यात काय!

४ ऑक्टोबर

वाचनाच्या खोलीची लाकडी जमीन आज घासली. दहा वर्षांचा मळ होता. आधीची बाई नुसतं ओलं फडकं फिरवायची वाटतं. खिडक्यांना व्हिनेगर आणि जुनी वर्तमानपत्रं, दुसरं काही लागत नाही. मागे एक लहान खोली आहे, तिथे म्हणे गावची जुनी पुस्तकं आहेत, तिथे पुसायचं नाही. नाही तर नाही. तेवढं काम कमी.

या गावाला भुताखेतांच्या पुस्तकांचं वेड आहे. एक तारखेला प्रत्येकाने एक भीतीचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि दुसऱ्याच्या पायरीवर ठेवून यायचं, नाव न घालता. मग महिनाभर हे त्याला, ते ह्याला. माझ्या पायरीवर सात पडली होती. सगळ्यांवर कावळे नाहीतर रक्त. त्यातलं सगळ्यात जाड मी स्वयंपाकाच्या खिडकीखाली लावलंय, ती वर सरकवायची खिडकी आपोआप खाली घसरते.

शिवाय ‘गावचं पुस्तक’ म्हणून एक असतं, ते दर वर्षी नवीन, हल्ली फोनवर, सगळ्यांना फुकट. ऑर्लो छाती फुगवून सांगत होता की पार दुसऱ्या राज्यातले लोक ते उतरवून घेतात. नियम एकच, शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही. तीस वर्षांपूर्वी एकाने चर्चमध्ये सांगून टाकला होता, त्याच्या नातवाला अजून कोणी वाढदिवसाला बोलावत नाही.

९ ऑक्टोबर

आज डोकं फिरलंय.

सकाळी ऑर्लोकडे कॉफीला गेले. ओतता ओतता विचारतो, काय आर्डिसबाई, जाड पुस्तकावर खिडकी नीट उभी राहते ना? बाजूच्या टेबलावरच्या दोघी खिदळल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, अगं, काठीसारख्या ताठ! मी खिडकीचं कोणाला बोलले नव्हते. काठीचं तर नाहीच नाही. ते फक्त या वहीत होतं.

तशीच उठून थेअरबाईंपुढे उभी राहिले. त्या जराही बिचकल्या नाहीत. म्हणाल्या, करारात तिसऱ्या पानावर आहे, वाचलं नाही का? मी सकाळी झाडलोट करत असते तेव्हा त्या वहीचे फोटो काढतात, टाइप करतात आणि सगळ्यांच्या फोनवर सोडतात. सफाईवालीची वही म्हणजेच गावचं पुस्तक. दर वर्षी. मी म्हटलं, फरशी पुसल्याची कसली आली डोंबलाची भुताची गोष्ट? तर त्या म्हणाल्या, अजून नऊच तारीख आहे.

वही तोंडावर फेकून मारणार होते. पण खोल्या जातील. कॉरीला काय सांगू मग? लिहीन. वाचा आणि मरा.

१३ ऑक्टोबर

मागच्या वर्षीचं पुस्तक फोनवर उतरवून घेतलं. मला छापलेलं वाचायला युगं लागतात म्हणून फोनलाच वाचायला लावलं आणि काम करता करता ऐकलं. हॅटी नावाच्या बाईचं आहे. ती माझ्याआधी इथे होती. सुरुवातीला तीही खुशीत. पडदे शिवले, मांजर पाळलं. वीस तारखेनंतर तिचं लिहिणं तुटत जातं. एकतीस तारखेला वाक्याच्या मध्येच संपतं. मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच संपलं.

ऑर्लोला विचारलं, ही हॅटी आता कुठे असते? अख्खं हॉटेल हसलं. तो म्हणाला, अहो बाई, असा शेवट विचारतात का कोणाला? एका म्हातारीने माझा हात थोपटून सांगितलं की तू हॅटीपेक्षा बरी लिहितेस, तिचं मधे मधे फार रेंगाळायचं.

१७ ऑक्टोबर

आज फरशी पुसली.

१८ ऑक्टोबर

आज फरशी पुसली. बाकी काही नाही. बसा वाचत.

१९ ऑक्टोबर

यांचा विरस करायचा म्हणून दोन दिवस मुद्दाम तसं लिहिलं. तर ऑर्लोने मक्याचं सूप थंडगार आणून आदळलं. म्हणाला, जशी वही तसं सूप.

मग फोनवर कालचं पान लावून ऐकलं. ‘आज फरशी पुसली. बाकी काही नाही. बसा वाचत. कोरड्या बाजूला ओले पाय उमटलेत.’ हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं. थेअरबाईंना जाऊन विचारलं, माझ्या वहीत स्वतःचं घुसडता? त्यांनी वही उघडून पुढे धरली. वाक्य तिथे होतं. माझ्याच अक्षरात, माझं वेडंवाकडं अक्षर काय मला कळत नाही?

दुपारी फरशी पुसायला घेतली. चांगलं ऊन पडलं होतं खिडक्यांतून. अर्धी जमीन पुसून बादलीकडे वळले, तर कोरड्या अर्ध्यावर ओली पावलं. अनवाणी. बाईची, लहानशी. मागच्या खोलीच्या दारातून निघून माझ्या बादलीपर्यंत आलेली. बोटं माझ्याकडे.

परत गेलेली नव्हती.

२२ ऑक्टोबर

तीन दिवस पावलांवरून मॉप फिरवतेय. रोज असतात. आता बादलीच्याही पुढे येतात.

आज फोनवर उद्याचं पान होतं. २३ तारखेचं. मी अजून लिहिलंच नाही ते. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, बाहेरगावच्यांना रोज एकच पान मिळतं, गावात मात्र पूर्ण मिळतं, पण सभ्य माणसं तारखेच्या पुढे वाचत नाहीत.

त्या पानात आहे की पुस्तकं परत टाकायच्या पेटीत मी हात घातला आणि आतून कोणीतरी तो धरला. उद्या त्या पेटीजवळ फिरकणार नाही. विषय संपला.

२३ ऑक्टोबर

पेटी तुडुंब भरली होती. लोकांनी मुद्दाम भरली असणार, बाहेर तोबा गर्दी होती. थेअरबाई म्हणाल्या, रिकामी करा, नाहीतर काम सोडा. खोल्या जायला नको होत्या. हातमोजे घातले. कोपरापर्यंत हात घातला.

धरला. हात मिळवावा तसा. मोजा ओढून काढला आणि पुन्हा धरला, उघडा. थंड, ओला, कामाचा हात, बोटांना घट्टे. कसाबसा सोडवला. पेटी उलटी केली तर आत नुसती पुस्तकं.

माझ्या हाताला वास येतोय. फरशीच्या साबणाचा. मी हातमोजे घालते, माझ्या हाताला तो कधी येत नाही. हॅटी घालत नव्हती. तिने लिहिलंय तसं.

२४ ऑक्टोबर

मला धीर धरवत नाही. सिनेमा असो की नवरा, शेवट काय ते आधी कळलं पाहिजे. फोनवर शेवटचं पान लावलं.

एकतीस तारीख. त्यात मी मागच्या खोलीपाशी जातच नाही. कॉरी जाते. चार दहाच्या बसने येते, सामान खाली ठेवते, मी वरून हाक मारते, तिला वाटतं मी मागे आहे, आणि ती मागच्या खोलीचं दार उघडून आत—

तिथे तुटतं.

पाच वेळा ऐकलं.

२५ ऑक्टोबर

हॉटेलात जाऊन सरळ विचारलं, तुम्ही सगळ्यांनी वाचलंय का शेवटचं पान? माझ्या पोरीचं काय होतं? मग ऑर्लो पेटला. मला वाटलं कॉरीवरून. नाही. मी शेवट आधी वाचला यावरून! म्हणतो, तीस वर्षं आम्ही मान राखला आणि ही काल आलेली बाई सरळ शेवटच्या पानावर जाते? मी म्हटलं, मेल्या, ती माझी मुलगी आहे. तर ती हात थोपटणारी म्हातारी कान झाकून ओरडली की गप्प बस, आम्हाला अजून सहा दिवस वाचायचंय!

दुपारी माझ्या पायरीवर कोणीतरी अंडी फोडली. पुसली मीच. दुसरं कोण पुसणार?

२६ ऑक्टोबर

बॅग घेऊन निघाले होते. स्टॉपवरून परत आले. मी गेले तरी कॉरी इथेच येणार. ती त्या दारापाशी एकटीच असेल.

फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ती हसली. तीही वाचते म्हणे, पहिल्या दिवसापासून. फुकट मिळतं ना. म्हणाली, आई, खिडकीचं वाचलं, खोल्या माझ्यासाठी टिकवतेस तेही वाचलं, तू मला तोंडावर असं कधी बोलली नाहीस गं. मी म्हटलं, पावलांचं वाचलंस? हाताचं? म्हणाली, भारी लिहितेस, मी दिवे लावून बसले होते. तिला खोटं वाटतं. हॅलोविनला लोक असलं करतातच म्हणे. एकतीसचं पान उघड म्हटलं, तर तिच्या फोनवर कालपर्यंतचंच आहे.

इरी शहरातल्या मावशीकडे जा म्हटलं. मावशी ठेवून घेते म्हणाली, पण मला तुझ्याकडे यायचंय. तिकीट काढलंय. मी काहीही झालं तरी येणार.

वहीत वाचलं म्हणून येतेय. मी लिहिलं म्हणून.

२७ ऑक्टोबर

काय करायचं ते कळलं. इथे लिहिणार नाही.

२८ ऑक्टोबर

कॉरीला फोन केला. तेच इथे लिहिते, म्हणजे पुन्हा वाचायला मिळेल.

कॉरी, यायचं नाही. पहिल्या दिवसापासून तुझ्याबद्दल जे लिहिलं ते गावाला गोड वाटावं म्हणून. आईचं काळीज वगैरे लोकांना आवडतं. मला ही नोकरी हवी होती, तू नको होतीस. चार वर्षं तू नव्हतीस तेव्हा मी शांत झोपले. तो तुला मारायचा म्हणतेस, तर तूही काही कमी नाहीस, मला माहीत आहे. दुसऱ्या खोलीत मी झाडू आणि बादल्या ठेवते. तिथे तुला जागा नाही. आलीस तर पोलीस बोलावीन, आणि तू कुठल्या कुठल्या रात्री काय काय केलंस ते त्यांना सांगेन. मावशीकडे जा. तिला दया येते लोकांची. मला येत नाही.

२९ ऑक्टोबर

कॉरीचा फोन नाही. बरं झालं.

फोनवर शेवटचं पान लावलं. कोरं आहे. आवाज येत नाही, नुसती खरखर.

थेअरबाई आज पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. काय केलंत हे, म्हणाल्या. इतक्या वर्षांत कोणी शेवट बदलला नव्हता.

३० ऑक्टोबर

निघायचं म्हणून दुपारी खाली आले. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर माणसं. खालपासून वरपर्यंत, मांडीला मांडी लावून, प्रत्येकाच्या हातात फोन. बाजूला सरका म्हटलं. कोणी सरकलं नाही. हात लावला नाही कोणी मला. नुसते बसून राहिले. ऑर्लो वर न बघता म्हणाला, एकच दिवस राहिला, बाई. एवढं वाचलंय आम्ही.

मागचं दार बाहेरून अडवलंय. हॅलोविनचे भोपळे रचलेत. कोरलेले, हसणारे.

पावलं आता माझ्या जिन्यापर्यंत आलीत. एकीची नाहीत. मोठी आहेत, लहान आहेत—

३१ ऑक्टोबर

दुपारचे दोन. अख्खं गाव वाचनाच्या खोलीत. डोनट आणलेत. माझ्याशी कोणी बोलत नाही. मी खिडकीजवळ बसलेय वही घेऊन, इथून बस थांबते ती जागा दिसते. ती आली तर खिडकी फोडीन पण तिला आत येऊ देणार नाही.

तीन. मोठ्याने वाचायला लागलेत. सगळे एकदम, चर्चमध्ये म्हणतात तसे. मी लिहितेय तेच. आधी एक ओळ मागे होते. मग बरोबर आले. आता—

हे वाक्य मी लिहायच्या आधी त्यांनी वाचलं.

साडेतीन. मागच्या खोलीचं दार उघडं आहे. कोणी उघडलं ते बघितलं नाही. जमीन ओली होतेय. साबणाचा वास—

बघणार नाही. रस्ता बघते.

चार दहा. आली बस. थांबली. दार उघडलं. एक म्हातारा उतरला. काठी. पिशवी. अजून कोणीतरी आहे, लाल कोट—

नाही. दुसरीच कोणी.

दार लागलं. गेली. बस गेली. कॉरी नव्हती. नव्हती. वाचा लेकांनो, वाचा मोठ्याने, ती आली नाही!

कॉरी, आता ऐक. या पानाचा फोटो बाई उद्या सकाळी काढतील, मग तुला मिळेल. तेव्हा हॅलोविन संपलेलं असेल. तरी येऊ नकोस. कधीच नाही. मावशीकडेच राहा.

अठ्ठावीस तारखेचं खोटं आहे. फोनवर बोलले तेही. प्रत्येक शब्द. बाकीचं खरं. खिडकीचं खरं. दुसऱ्या खोलीत झाडू नाहीत—

खुर्चीभोवती ओलं आहे. खांद्यावर हात ठेवलाय कोणीतरी. असू दे. लिहू दे मला.

ऑर्लोने वाचता वाचता फोन पालथा घातला. रडतोय मेला. त्याने पुढचं वाचलंय. माझ्याकडे बघत नाही.

दुसरा हात. हॅटी, थांब गं, दोन ओळी—

सगळे एकदम थांबले. त्यांचं वाचून झालं वाटतं. माझं लिहून झालं नाही. कॉरी, त्या दिवशी फोन ठेवला आणि मी वर गेले, तुझ्या खोलीत, दार लावून घेतलं आणि तुझ्या